प्रागमध्ये कॅमेरा घेऊन: कुठे उभं राहायचं आणि किती वाजता

प्रागच्या चार्ल्स ब्रिजचा फोटो आपण तिथे जाण्याआधीच शंभरदा पाहिलेला असतो. कॅलेंडरवर, टूरच्या जाहिरातीत, कुणाच्या तरी स्टेटसवर. त्यामुळे तिथे पोचल्यावर जागा शोधायचं काम उरत नाही. जिथे चाळीस जण फोन वर करून उभे आहेत तीच जागा. उरतं ते एवढंच, की ऊन कुठून येतंय.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जूनमध्ये दुपारी दोनला त्या पुलावर होतो. पन्नास-साठ फोटो काढले. आभाळ पांढरं फटक, पुतळे काळे ठिक्कर, आणि प्रत्येक फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागात अनोळखी लोकांच्या टोप्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला तिथेच जाऊन जे नऊ-दहा फोटो काढले, त्यांतले चार आजही घरात भिंतीवर आहेत. कॅमेरा तोच, लेन्स तीच. म्हणून हा लेख ठिकाणांच्या क्रमाने नाही, दिवसाच्या क्रमाने लिहिलाय.

आधी घरबसल्या: नकाशा आणि सूर्य

नकाशा उघडा. व्लताव्हा नदी शहरातून साधारण दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पश्चिमेच्या काठावर टेकडी, तिच्यावर प्राग कॅसल, पायथ्याशी माला स्त्राना हा जुना भाग. पूर्वेच्या काठावर ओल्ड टाऊन. दोन्हींना जोडणारा चार्ल्स ब्रिज जवळजवळ पूर्व-पश्चिम. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं: सकाळी कॅसलवर ऊन पडतं, संध्याकाळी ओल्ड टाऊनच्या दर्शनी भिंतींवर. दगडाचा रंग आणि कोरीवकाम हवं असेल तर सकाळी पश्चिमेकडे तोंड करा, संध्याकाळी पूर्वेकडे. नुसती काळी आकृती आणि मागे पेटलेलं आभाळ हवं असेल तर बरोबर उलट.

दुसरी गोष्ट ऋतूची. प्राग ५० अक्षांशावर आहे. जूनमध्ये सूर्य पाचच्या आतच उगवतो आणि रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात सकाळी आठला उगवून चारला गडप. शिवाय जूनमध्ये तो ईशान्येला उगवतो, डिसेंबरात आग्नेयेला. म्हणजे एकाच जागेवर, एकाच 'सकाळी', ऊन पूर्ण वेगळ्या बाजूने येतं. सूर्याची दिशा दाखवणारी फुकट ॲप आहेत. जाण्याच्या तारखा घालून पाच-सहा जागांच्या रेषा पाहून ठेवा आणि स्क्रीनशॉट काढा.

तिन्हीसांजेचा हिशेबही आपल्यापेक्षा वेगळा. मुंबईत सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. प्रागमध्ये जूनमध्ये तोच संधिप्रकाश चाळीस मिनिटांच्या वर रेंगाळतो. निळं आभाळ आणि पिवळे दिवे एकाच फ्रेममध्ये बसवायला एवढा वेळ आपल्याकडे कधी मिळत नाही. उलट डिसेंबरात पाचला सगळं संपलेलं असतं, पण त्या महिन्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम सोळा-सतरा अंश वर असतो. तिरपं ऊन दिवसभर. मला विचाराल तर फोटोसाठी हिवाळा सरस, थंडी सोसवत असेल तर.

बॅगेत काय

थोडंच. एक वाइड लेन्स (२४ मिलिमीटरच्या आसपास), एक लांबची (२०० पर्यंत जाणारी असेल तर उत्तम). फोनवाल्यांनी आपल्या फोनची २ किंवा ३ पटीची लेन्स वापरायची सवय करावी. प्रागमध्ये वाइडपेक्षा तीच जास्त उपयोगी पडते. छोटा ट्रायपॉड. जादा बॅटरी, आणि थंडीत ती आतल्या खिशात, कारण गारठ्यात चार्ज भराभर उतरतो. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, पावसात घसरतात. बूट जाड तळव्याचे घ्या.

आणि एक सवय: रात्री झोपण्याआधी कॅमेऱ्याचे सेटिंग मूळपदावर आणा. आदल्या रात्री ठेवलेल्या ३२०० आयएसओवर (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) मी एक अख्खी पहाट काढली आहे. स्क्रीनवर छान दिसत होती, घरी येऊन पाहिली तर रवाळ शिऱ्यासारखी.

पहाट: चार्ल्स ब्रिज

बोहेमियाचा राजा चौथा कार्ल, म्हणजेच चार्ल्स, याने या पुलाची पायाभरणी १३५७ साली केली. ५१६ मीटर लांब, सोळा कमानी, कठड्यांवर तीस पुतळे आणि पुतळ्यांचे गट. दिवसा इथे चित्रं विकणारे, वादक, नवरा-नवरी, टूरचे झेंडे, सगळं असतं. रिकामा पूल हवा तर सूर्योदयाच्या पाऊण तास आधी पोचायचं. तेव्हाही तीन-चार ट्रायपॉड लागलेले दिसतील. मान हलवून हाय म्हणायचं आणि आपली जागा धरायची.

क्रम असा ठेवा. आधी ओल्ड टाऊनच्या बाजूच्या मनोऱ्याखाली, कमानीच्या थोडं आत उभं राहून पश्चिमेकडे पाहा. काळी कमान चौकटीसारखी, मधून दिव्यांची रांग आणि वर कॅसल. दिवे अजून लागलेले आणि आभाळ निळसर, ही वेळ दहा-पंधरा मिनिटांचीच असते. ट्रायपॉडवर आयएसओ १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, शटर आठ-दहा सेकंद, तिथून सुरुवात करा. दिव्यांभोवती पांढरे डाग पडले तर वेळ निम्मा करा. फोन असेल तर नाइट मोड लावून फोन कठड्यावर टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही.

मग चालत पुलाच्या मधल्या टप्प्यावर या आणि मागे वळा. आता पूर्वेला तो मनोरा. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास सूर्य जवळपास त्याच्या मागूनच वर येतो. जूनमध्ये बराच डावीकडे, डिसेंबरात उजवीकडे. सूर्य फ्रेममध्ये असेल तर एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) आभाळावर ठरवा आणि पुतळे काळे पडू द्या. दोन्ही वाचवायला गेलात की दोन्ही जातात.

सूर्य वर आला की पुन्हा पश्चिमेकडे तोंड. कॅसलच्या लांबलचक भिंतीवर पहिलं केशरी ऊन पडतं ते अगदी पाच-सात मिनिटं. इथे लांबची लेन्स. पूल सोडून द्या, फक्त कॅथीड्रलचे मनोरे आणि खालची लाल छपरं घ्या.

आता घाई संपली, पुतळ्यांकडे वळा. ओल्ड टाऊनकडून निघालात तर डाव्या हाताला पाचवा गट आपल्यासाठी खास आहे: सेंट फ्रान्सिस झेवियर. होय, ज्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकेत आहे तेच. शिल्पकार फर्डिनांड मॅक्सिमिलियन ब्रोकॉफने १७११ मध्ये हा गट घडवला. झेवियर वर उभे, आणि त्यांना खांद्यांवर तोलून धरणारी पूर्वेच्या देशांतली माणसं. मूळ शिल्प १८९० च्या पुरात नदीत गेलं, आज दिसते ती प्रतिकृती. हजारो किलोमीटरवरच्या लोकांबद्दल, बहुधा एकालाही न भेटता, एका शिल्पकाराने काय कल्पना केली असेल ते खालच्या चेहऱ्यांवर दिसतं. बहुतेक लोक वर संताकडे पाहून पुढे जातात. तुम्ही खालच्या चेहऱ्यांवर फोकस करा.

समोरून काढलात तर मागे नुसतं रिकामं आभाळ येतं आणि पुतळा काळवंडतो. म्हणून गटाच्या पूर्वेला चार-पाच पावलं सरका आणि तिरपं पश्चिमेकडे पाहा. मागे माला स्त्रानाचे मनोरे धूसर दिसतील. ५० ते ८५ मिलिमीटर, ॲपर्चर एफ/४. हा गट दक्षिणेच्या कठड्यावर असून त्याचं तोंड उत्तरेला आहे, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटेचं ईशान्येचं ऊन बाजूने घासून जातं आणि दगडातली प्रत्येक सुरकुती उठून येते. हिवाळ्यात हीच बाजू दिवसभर सावलीत. तेव्हा समोरच्या, उत्तरेच्या कठड्यावरचे पुतळे घ्या.

त्या उत्तरेच्या रांगेत पुढे सेंट जॉन ऑफ नेपोमुकचा पुतळा आहे, १६८३ सालचा, पुलावरचा सर्वात जुना. या धर्मगुरूला १३९३ मध्ये नदीत फेकून मारलं. पायथ्याच्या धातूच्या पट्ट्यांना हात लावून लोक इच्छा मागतात, त्यामुळे तेवढाच भाग सोन्यासारखा चकाकतो. पुतळा पूर्ण घेण्यापेक्षा तो घासलेला भाग आणि त्यावर टेकलेला कुणाचा तरी हात, एवढंच जवळून घ्या. देवळातल्या उंबऱ्यासारखं आहे ते.

सकाळ: कॅसल आणि कॅथीड्रल

कॅसल म्हणजे आपल्या मनातला गड नव्हे. राजवाडे, चर्च, गल्ल्या, राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय असं टेकडीवरचं एक गावच. आवार सकाळी सहापासून खुलं असतं, इमारती नऊच्या सुमारास उघडतात. मधले तीन तास फोटोवाल्यांचे. बॅग सुटसुटीत ठेवा.

सेंट व्हिटस कॅथीड्रल हे इथलं अवघड प्रकरण. १३४४ मध्ये काम सुरू झालं आणि १९२९ मध्ये पूर्ण झालं. तुम्ही एका बोळातून बाहेर येता आणि पश्चिमेची दर्शनी भिंत अंगावरच येते. मागे सरकायला जागा नाही. सगळे तिथेच मान वर करून वाइड लेन्सने काढतात आणि मनोरे मागे कोसळल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा उजवीकडून वळसा घालून दक्षिणेच्या अंगणात जा. इथे मोकळी जागा आहे, मोठा मनोरा आहे, सोनेरी दरवाज्यावरचं चौदाव्या शतकातलं मोझेक आहे, आणि ऊन दिवसाचा बराच वेळ याच बाजूला. कॅमेरा जमिनीला समांतर धरा, उभा करा, फ्रेमच्या खालच्या भागात जास्तीची फरशी आली तरी येऊ द्या. ती नंतर कापता येते. वाकलेला मनोरा सॉफ्टवेअरमध्ये सरळ होतो खरा, पण कडा खाऊन.

आत ट्रायपॉड आणि फ्लॅश नाही. खांबाला पाठ टेकून, श्वास सोडून, १/३० सेकंदाच्या शटरवर काढता येतं. डावीकडच्या तिसऱ्या चॅपलमध्ये चेक चित्रकार अल्फोन्स मुखाची रंगीत काच आहे आणि तिच्यासमोर कायम गर्दी. मला विचाराल तर काचेकडे पाठ करा. दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन आत येतं तेव्हा करड्या खांबांवर लाल-निळे कवडसे पडतात. ते दर मिनिटाला सरकतात आणि त्यांच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. एक्स्पोजर एक पायरी कमी ठेवा, नाहीतर रंग धुऊन निघतात. रविवारी सकाळी उपासना असते, पर्यटकांना दुपारी बारानंतरच आत सोडतात. त्या दिवशी हा बेत करू नका.

याच कॅथीड्रलमध्ये १९२० च्या दशकात योसेफ सुदेक नावाचा माणूस कॅमेरा घेऊन वावरत होता. पहिल्या महायुद्धात इटालियन आघाडीवर त्याचा उजवा हात गेला होता. बांधकाम संपत आलेलं, सगळीकडे दगडांचे ढीग, फळ्या, ढकलगाड्या. त्याने ते अडथळे टाळले नाहीत. धुळीतून उतरणारे उन्हाचे पट्टे आणि खाली पडलेली अवजारं हेच त्याचे फोटो. पुढे जर्मनांच्या ताब्यातल्या प्रागमध्ये बाहेर कॅमेरा काढणं अवघड झालं, तर तो आपल्या छोट्या लाकडी स्टुडिओच्या खिडकीच्या दमट काचेचे फोटो काढत राहिला. तुमच्या प्रवासात कॅथीड्रलला परांची लागलेली असेल आणि हिरमोड झाला, तर सुदेक आठवा.

दुपार

अकरा ते तीन, विशेषतः उन्हाळ्यात, मोठ्या वास्तू सोडून द्या. जेवा, पाय टेका, गल्ल्यांत शिरा. माला स्त्रानात नदीलगत काम्पा बेट आहे, तिथल्या चेर्तोव्का ओढ्यावर पाणचक्कीचं चाक आहे. सावलीत दुपारीही काम होतं. ज्यू वस्तीतलं जुनं दफनस्थान शनिवारी बंद असतं. थरावर थर रचलेल्या कबरींमुळे तिरके झालेले दगड ढगाळ दिवशी उत्तम येतात. शेजारच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. तिथे मी कॅमेरा बॅगेत ठेवला.

चारनंतर: ओल्ड टाऊन स्क्वेअर

टीन चर्च चौकाच्या पूर्वेला आहे, तोंड पश्चिमेला. म्हणजे सकाळी ते उलट उजेडात आणि चारनंतर सोनेरी. ऐंशी मीटरचे दोन काळे मनोरे जुळे वाटतात, पण नीट पाहा: उजवीकडचा जाडसर आहे. त्यांना आदम आणि हव्वा म्हणतात. हा फरक फोटोत दिसायला हवा तर चौकाच्या मध्यावरून, समोरून काढा. उत्तम जागा मात्र समोरच्या टाऊन हॉलच्या मनोऱ्यावर. लिफ्ट आहे, तिकीट आहे, आणि वरची गॅलरी इतकी अरुंद की ट्रायपॉड विसरा. मावळतीच्या तासभर आधी चढा.

त्याच टाऊन हॉलच्या दक्षिण भिंतीवर १४१० सालचं खगोलीय घड्याळ. दर तासाला प्रेषितांच्या आकृत्या दोन खिडक्यांतून सरकत जातात, बाजूचा हाडांचा सापळा घंटा ओढतो, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभराचा खेळ. खाली दोन-तीनशे माणसं. घड्याळाचा स्वच्छ फोटो सकाळी सातला घ्या, तबकडीला समोरासमोर, लांबच्या लेन्सने, जमेल तेवढं मागे जाऊन. आणि तासाच्या ठोक्याला उलटे फिरा: वर वळलेले चेहरे, उघडी तोंडं, वडिलांच्या खांद्यावरचं पोर. कोंबडा आरवल्यावर सगळ्यांच्या तोंडावर एकदम येणारा 'एवढंच?' हा भाव १/२५० वर पकडता येतो. खिसेकापूही याच मिनिटाची वाट पाहत असतात. बॅग पोटावर.

सांज आणि रात्र

संध्याकाळ एकच असेल तर पूर्व काठावर, पुलाच्या थोडं दक्षिणेला, स्मेताना बांधावर किंवा नोवोत्नी लाव्का या छोट्या जिभेवर उभे राहा. उजवीकडून पूल फ्रेममध्ये शिरतो, वर कॅसल, खाली पाणी. जूनच्या उत्तरार्धात सूर्य जवळपास कॅथीड्रलच्या मागेच उतरतो. इतर वेळी डावीकडे, पेत्रशीन टेकडीच्या अंगाला. सूर्य गेल्यावर लोक पांगतात आणि खरी वेळ तेव्हा सुरू होते. वीस मिनिटं थांबा. कॅसलवर दिवे लागले की पाण्यात त्यांचे पट्टे उतरतात. पंधरा-वीस सेकंदांचं शटर ठेवलं तर पाणी काचेसारखं होतं आणि पर्यटकांच्या बोटींच्या नुसत्या रेघा उरतात.

दुसरी संध्याकाळ असेल तर लेतना टेकडी. हनावा पॅव्हेलियनपासून दक्षिणेकडे पाहिलं की व्लताव्हावरचे पूल एकामागे एक दिसतात. डोळ्यांना ते दूरदूर वाटतात. १५० ते २०० मिलिमीटरने ते एकमेकांना चिकटून शिडीच्या पायऱ्यांसारखे होतात. फोनच्या मुख्य लेन्सने इथे काही हाती लागत नाही.

डान्सिंग हाऊस ही फ्रँक गेरी आणि व्लादो मिलुनिच यांची १९९६ ची इमारत रात्रीच बरी दिसते. समोरून ट्राम जाऊ द्या, चार-पाच सेकंद शटर.

पाऊस आला तर हॉटेलवर परतू नका. ओली फरसबंदी म्हणजे फुकटचा आरसा, कॅमेरा गुडघ्याइतका खाली न्या. बर्फ असेल तर एक्स्पोजर एक पायरी वाढवा, नाहीतर ते करडं येतं. आणि थंडीतून गरम खोलीत जाताना कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास ठेवा. उत्साहाने लगेच बाहेर काढलात की लेन्सवर दव धरतं.

ड्रोन आणू नका. शहराच्या मध्यभागी परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि कॅसलवर तर मुळीच नाही.

टूरबरोबर आलात तर

आपल्याकडचे बरेच जण प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट अशा टूरमध्ये येतात आणि प्रागच्या वाट्याला दीड दिवस येतो. गाइड पुलावर नेणार ते साधारण अकराला. तेव्हा घरच्यांचे फोटो काढा, वास्तूंचे नको. मॅनेजरला आदल्या रात्रीच सांगा की सकाळी स्वतः फिरून येतो. हॉटेल बहुधा शहराबाहेर असतं, तेव्हा पहिल्या मेट्रोची वेळ रिसेप्शनवर विचारून ठेवा. ए मार्गावरच्या स्तारोमेस्त्स्का स्टेशनपासून पूल पाच-सात मिनिटं चालत. उन्हाळ्यात पहिली मेट्रो सूर्योदयाला पोचवेलच असं नाही, तिथे टॅक्सीचे पैसे मोजा. ऑक्टोबर ते मार्चमध्ये मेट्रोने आरामात जमतं, आणि तासभर काढून नाश्त्याच्या टेबलावर मंडळी उपमा शोधत असतील तोवर परतही येता येतं.